साठ किलो, बरोब्बर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेब बघते. म्हणजे सकाळी काटा, दुपारी बिलं आणि दिवसभर ‘ताई, चुकारा कवा भेटते?’ या प्रश्नाला उत्तर. चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे.

२०२५ च्या मार्चात आम्ही १८ शेतकऱ्यांची १५० क्विंटल तूर ऑनलाइन लिलावात टाकली. हमीभाव क्विंटलला ७,५५० होता, पण त्या सरकारी खरेदीसाठी नोंदणी करा, मेसेजची वाट बघा, मग पैशांची वाट बघा, एवढा दम कोणात नव्हता. बोली ६,९४० वर थांबली. अकोल्याच्या एका दालमिलनं माल घेतला. ३०० कट्टे, म्हणजे पोती, प्रत्येकात ५० किलोची भरती, बिल १०,४१,००० रुपये. गाडी भरल्यापासून तीन दिवसांत पैसे, अशी अट. गाडी २१ तारखेला, शुक्रवारी गेली.

सोमवार कोरडा गेला. मंगळवारी फोन केला तर, “मार्च एंड आहे मॅडम.” जसा काही मार्च एंड फक्त मिलवाल्यांनाच असतो! पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर पंजाबराव देशमुख योजनेतून व्याजाची सवलत मिळते, तारीख हुकली की व्याज मानगुटीवर. त्यात ३० ला रविवार आणि पाडवा, ३१ ला ईद. एक काका तर रोज अकरा वाजता यायचे, पासबुकाची प्लास्टिकची पिशवी मांडीवर ठेवून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे. “मी काई म्हनत नाई तुमाले. मी निरा बसून रायतो.” त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी बँकेचा मेसेज आला. १०,२३,७९५. म्हणजे १७,२०५ कमी.

आमचे एक संचालक लगेच म्हणाले, लिलाववाल्यांकडे तक्रार ठोका, मिलची अनामत अडकवा. मी म्हटलं, आधी कशाचे कापले ते तर बघू. ज्यांचं कर्ज अडलं होतं अशा सात जणांचे पूर्ण चुकारे आलेल्या पैशांतून सोडले, काकांचा पहिला, आणि मिलकडून कपातीचा तपशील मागवला.

तीन ओळी आल्या. पहिली, टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, १,०४१. हे बरोबर होतं. मोठी उलाढाल असलेला खरेदीदार एकाच विक्रेत्याकडून वर्षात ५० लाखांच्या वर माल घेतो, तेव्हा वरच्या रकमेवर ०.१ टक्का कापतो, आणि या मिलचा आमच्याकडचा आकडा फेब्रुवारीतच ५० लाखांच्या पुढे गेला होता. ते पैसे आयकर खात्याच्या नोंदीत दिसतात, रिटर्न भरताना मिळतात. त्यावर भांडण नाही.

दुसरी ओळ: वजन घट ६० किलो, ४,१६४ रुपये. या ओळीवर माझी नजर अडकली. रस्त्यात सांडलेल्या मालाची घट ४३ किलो असते, ७१ असते. बरोब्बर ६० कशी? ३०० नं भागलं. कट्ट्यामागे २०० ग्रॅम. मी मिलच्या अकाउंटंटला फोन लावला.

“दादा, ६० ला ३०० नं भागा बरं.”

तो थोडा वेळ गप्प. मग, “तो बारदाना आहे मॅडम, रिकाम्या पोत्यांचं वजन.”

“बारदाना आम्ही इथंच वजा केलाय. काटापावतीवर निव्वळ वजन लिहिलंय. एकाच पोत्याचं वजन दोनदा कापता का?”

“बघतो,” म्हणाला.

तिसरी ओळ सगळ्यात मोठी. ओलावा जास्त म्हणून क्विंटलला ८० प्रमाणे १२,०००. मर्यादा १२ टक्के, आणि आमच्या कपाटातला सीलबंद नमुना ११.४ दाखवत होता. मी बाह्या सरसावून बसले होते. त्यांच्या तपासणीचा फोटो मागवला. पाच नमुने, चार बाराच्या खाली, एक १३.६. तो एक काही मनातून जाईना. गोदामात गेले. हमालभाऊ बिडी विझवत म्हणाले, “थे भितीकडचे चाळीस कट्टे असतीन ताई. म्या सांगतलं होतं न.”

सांगितलं होतं खरं. भिंतीपलीकडे पाण्याची टाकी आहे, ती झिरपते. खाली लाकडी फळ्या टाकायच्या राहिल्या होत्या. हात लावला तर भिंत गार. मी सीलबंद नमुना काढला होता तो दाराकडच्या थप्पीतून.

परत फोन केला आणि जे आहे ते सांगितलं. ४० कट्टे, म्हणजे २० क्विंटल, त्याचे १,६०० कापा. बाकीच्या मालाला हात लावू नका. तिकडचा सूर तिथं बदलला. इतका वेळ तो मला चोर समजत होता आणि मी त्याला. शुक्रवारी चारच्या सुमारास १४,५६४ जमा झाले. उरलेल्या अकरा जणांचे चुकारे त्याच संध्याकाळी गेले. १,६०० मात्र कोणाच्याही चुकाऱ्यातून कापू दिले नाहीत, टाकी कंपनीची आहे. यावर बैठकीत अर्धा तास वाद झाला, तो सोडा.

शनिवारी काका कर्ज भरल्याची पावती दाखवायला आले. दाखवली, पिशवीत ठेवली, आणि त्याच खुर्चीवर बसले.

“आता काय राहिलं काका?”

“काई नाई. सवय पडली.”