तोंडओळखीची इंग्रजी

अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत शिरताना इंग्रजीचं व्याकरण फारसं कामाला येत नाही. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं सगळं मुखोद्गत असलेली माणसंही अशा ठिकाणी भिंतीला टेकून, मोबाइलमध्ये डोकं घालून उभी दिसतात. तिथे लागते ती इंग्रजी निराळीच. तिच्यात मोजकी वाक्यं असतात, त्यांतल्या बऱ्याचशांना अर्थ जेमतेमच असतो, आणि तरी त्यांच्या जोरावर लोक नोकऱ्या मिळवतात, धंद्यात भागीदार जोडतात, क्वचित मित्रही. तिला खोटी म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र ती लाजऱ्या माणसांनी लाजऱ्या माणसांसाठी घडवल्यासारखी वाटते.

पहिलंच वाक्य घ्या. ‘नाइस टू मीट यू.’ यातला ‘मीट’ धोक्याचा आहे, कारण तो एका माणसाबरोबर एकदाच वापरता येतो. समोरचा जर म्हणाला, ‘अहो, आपण गेल्या वर्षी भेटलो होतो की,’ तर पुढची दोन मिनिटं कशीबशी काढावी लागतात. म्हणून या खोल्यांत मुरलेली माणसं ‘नाइस टू सी यू’ म्हणतात. ‘सी’ पहिल्या भेटीलाही चालतो आणि दहाव्या भेटीलाही. अशाच एका मुरलेल्या बाईंना मी परिषदेच्या मधल्या सुट्टीत जवळून पाहिलं. समोरच्या गृहस्थांचं नाव त्यांना आठवत नव्हतं, हे त्यांची नजर दोनदा गृहस्थांच्या छातीवरच्या ओळखपत्राकडे गेली तेव्हाच कळलं. ओळखपत्र अर्थातच उलटं झालेलं होतं. (गळ्यात लटकणारी ओळखपत्रं नेमकी गरजेच्या वेळी कोरी बाजू दाखवतात.) बाई डगमगल्या नाहीत. शेजारच्या सहकाऱ्याला पुढे ओढून त्या म्हणाल्या, ‘हॅव यू टू मेट?’ आणि गप्प राहिल्या. दोघांनी हात मिळवले, आपापली नावं सांगितली, आणि पुढच्या वाक्यात बाई त्या गृहस्थांना नावाने हाक मारत होत्या.

मग येतो ‘व्हॉट डू यू डू?’ हा प्रश्न मला आवडत नाही. नोकरी असलेल्याला तो सोपा. नुकतीच सुटलेल्याला, निवृत्ताला, घर सांभाळणाऱ्याला तो परीक्षेसारखा वाटतो. ‘व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर?’ हा त्याचा धाकटा भाऊ जास्त सज्जन आहे. जो माणूस खोलीत उभा आहे, तो काही ना काही कारणाने आलेलाच असतो, त्यामुळे याचं उत्तर कोणालाही देता येतं. हवामान, ट्रॅफिक, सभागृहातला एसी हे विषयही त्याच जातीचे, बिनविरोध निवडून येणारे. या गप्पांना इंग्रजीत ‘स्मॉल टॉक’ म्हणतात. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ सालच्या एका निबंधात अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं भारदस्त नाव दिलं. त्याचं म्हणणं असं, की इथे शब्द माहिती पोचवायला वापरलेच जात नाहीत, नुसत्या बोलण्यानेच माणसं जोडली जातात. तेव्हा ‘हाउ आर यू?’ला प्रकृतीचा सविस्तर अहवाल दिला, तर समोरचा गांगरतो यात नवल नाही.

एवढ्या पातळ बोलण्यातून जुळलेल्या ओळखीचा उपयोग तो काय, असं वाटू शकतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनच्या एका उपनगरातल्या नोकरदारांना, सध्याची नोकरी तुम्हाला कशी कळली, हे विचारलं होतं. ज्यांना ती कोणाकडून तरी कळली, त्यांत सांगणारी व्यक्ती वारंवार भेटणारी होती असे १६.७ टक्केच निघाले. ५५.६ टक्क्यांच्या बाबतीत ती अधूनमधून भेटणारी होती, आणि २७.८ टक्क्यांच्या बाबतीत क्वचितच. कारणही सरळ आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, आपल्याला ठाऊक तेच त्यांना ठाऊक. नवी बातमी आणणार तो दुसऱ्या वर्तुळातला, तोंडओळखीचा माणूस. ग्रॅनोव्हेटर यांनी हे ज्या लेखात मांडलं, तो १९७३ साली छापून आला. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र एका तळटीपेत आहे. ‘मित्राने सांगितलं का?’ असं विचारलं की लोक दुरुस्ती करायचे, ‘मित्र नव्हे, ओळखीचा.’ ही दुरुस्ती इतक्यांदा कानावर आली, की त्यातूनच लेखातला तो भाग सुचला, असं ग्रॅनोव्हेटर लिहितात. फुकटची बातमी देणाऱ्याला मित्र म्हणून टाकायला कोणाचं काय जातं? पण लोक म्हणाले नाहीत.

या ओळखी पुढे टिकवायच्या तर मेल आले, आणि मेलची इंग्रजी म्हणजे अंग चोरून बसलेली इंग्रजी. ‘जस्ट चेकिंग इन.’ ‘क्विक क्वेश्चन.’ ‘क्विक कॉल.’ ‘क्विक’ लिहिलेला कॉल हमखास लांबतो. ‘कुड आय पिक युअर ब्रेन?’ (म्हणजे, जरा तुमचा सल्ला घेऊ का?) हे वाक्य ज्याने पहिल्यांदा शब्दशः डोळ्यांपुढे आणलं असेल त्याची मला काळजी वाटते. लिंक्डइन हे व्यावसायिक ओळखींचं संकेतस्थळ २००३ साली लोकांसाठी खुलं झालं आणि या भाषेला आयता साचा मिळाला. ‘आय वुड लाइक टू ॲड यू टू माय प्रोफेशनल नेटवर्क’ हे वाक्य यंत्रानेच लिहून ठेवलेलं असायचं, आपण फक्त बटण दाबायचं. असं निमंत्रण आलं की मला कळतच नाही, या माणसाला मी हवा आहे की बटण अंगठ्याखाली आलं होतं. दोन ओळी स्वतःच्या लिहिणाऱ्याला मी लगेच होकार देतो, त्या ओळींत स्पेलिंगच्या चुका असल्या तरी.

आणि ‘वी शुड कॅच अप समटाइम.’ यात वार, तारीख, वेळ काहीच नसतं, तोवर ते निरोपाचं वाक्य समजावं. ‘गुरुवारी मोकळे आहात?’ असं आलं की भेट खरी. निरोपावरून आठवलं, या अख्ख्या शब्दसंग्रहात ‘आय विल लेट यू गो’ला तोड नाही. कंटाळा आपल्याला आलेला असतो, पाय आपले दुखत असतात, आणि जणू समोरच्याला आपण धरून ठेवलं होतं अशा उदारपणे त्याला सोडून देतो! तोही कृतज्ञतेने जातो.

सगळ्यांत करुण वाटा मध्यस्थाचा. तो दोन ओळखीच्यांची मेलवर गाठ घालून देतो, दोघांबद्दल चार चांगले शब्द लिहितो. पहिल्याच उत्तरात त्याचे आभार मानले जातात आणि पुढे लिहिलेलं असतं, ‘मूव्हिंग यू टू बीसीसी’. बीसीसी म्हणजे मेलची इतरांना न दिसणारी प्रत; तिथे टाकलेल्याला पुढची उत्तरं जात नाहीत. थोडक्यात, तुमचं काम झालं, आता बाहेर व्हा. वागणूक रीतीचीच आहे, त्याच्या इनबॉक्समधली गर्दी टळते. पण पुढे त्या दोघांचं काय झालं, हे त्याला कळायला मार्ग नाही. मी एकदा न राहवून विचारलं. ‘ग्रेट इंट्रो,’ उत्तर आलं, ‘वी आर गोइंग टू कॅच अप समटाइम.’