तुम्ही विचारता म्हणून: जंगलातून आल्यावर हसू येतं का?

पोराच्या शाळेतले मास्तर, मेळाव्यातले साहेब, सगळे फिरून फिरून हेच विचारतात, का लहानपणीच दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या बंदूकवाल्या तुकडीत, गेलेला माणूस असा हसतखेळत कसा राहतो. विचारताना चेहरा असा करतात जसे मयतीला आले.

मी गडचिरोलीतल्या भामरागडकडचा. आधी बाल संघटनमध्ये, म्हणजे त्यांच्या लहान पोरांच्या गटात, नाच-गाणी, मग दलम. हातात भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, दिली तेव्हा ती माझ्याहून उंच होती. अठराच्या आतल्या पोरांना लढाईत घ्यायचं नाही असा 2000 सालचा जगाचा करार आहे, भारतानं तो 2005 मधे मान्य केला आणि त्याच वर्षी राज्याची आत्मसमर्पण योजनाही आली, पण जंगलात आमाले हे कोण सांगते.

बाहेर आलो तर खरी मजा घरातच सुरू झाली. जंगलात शिट्टी वाजली का रोलकॉल. इथे कुकरची शिट्टी वाजली का मी आणि बायको दोघंही ताडकन उभे, हो, तीही दलममधलीच, आणि मग एकमेकांकडे बघून जे हसू फुटते. बाजारात गेलो तर ती पुढे, मी दहा पावलं मागे, एका ओळीत, सवयच तशी लागलेली, तर शेजारची काकू विचारते, "काऊन जी, भांडण झालं का तुमचं?"

दवाखान्याचं तर विचारूच नका. दलममध्ये लग्न करायचं तर पुरुषाची आधी नसबंदी, मूल नको म्हणून. बाहेर आल्यावर ती उलटी करायचं ऑपरेशन करून मिळते. त्या दिवशी लाईनमधे बाकीचे सगळे बंद करायला आलेले आणि मी एकटा खोलायला. नर्सबाईनं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत कागद वाचला. पोरगा झाला, आता दुसरीत आहे, लय मस्तीखोर.

नोकरी पण काय मिळाली तर वॉचमनची. म्हणजे पुन्हा सेंट्रीच! फरक एवढाच का तिथे डुलकी लागली तर शिक्षा होती, इथे खुर्ची देतात.

सगळ्यावरच हसतो असं नाही. जे पोरं माझ्यासोबत गेले आणि आले नाही त्यांचं मी इथे लिहित नाही, घरीही आम्ही बोलत नाही.

मागच्या महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत पोरानं फुगे फोडायच्या दुकानापुढे हट्टच धरला, बाबा तू मार. मला ती बंदूक धरायचीच नव्हती, पण पोरगं रडायला आलं. धरली. एकही फुगा फुटला नाही. नळी वाकडी होती हे मी अजूनही सांगतो, पण बायको हसून हसून तिथेच खाली बसली आणि दुकानवाल्यानं मले खांदा कसा लावायचा, डोळा कसा मिटायचा सगळं नीट समजावून सांगितलं, वरून म्हणे, "होते भाऊ, पहिल्यांदा धरली ना तुमी."