आमची वाटचाल : गोधडीच्या कापडाचा हिशेब

आमचं काम गोधड्या शिवण्याचं, जागा इंदूरची. सुरुवात झाली ती ग्राहकांच्या घरच्या साड्यांवर. कापड त्यांचं, शिलाई आमची. म्हणून हिशेब असायचा तो उरलेले तुकडे परत देण्यापुरता. पुढे नवं कापड घेऊन स्वतःचा माल करू लागलो आणि गणित पालटलं. या धंद्यात मजुरी रोज डोळ्यांसमोर असते, पैसा अडकून पडतो तो फडताळात. त्या फडताळात वापरता येईल असं कापड किती आहे, हे बिलांच्या फाइलीवरून कळत नाही.

ठोक खरेदी बहुतेक एम. टी. क्लॉथ मार्केटमधून होते. बिलावर एवढंच असतं : कॉटन, 22.40 मीटर, दर. पन्हा (कापडाची रुंदी) नाही, डिझाइन नाही, चार वेगळे ताके कधी एकाच ओळीत. म्हणून माल आला त्याच दिवशी प्रत्येक ताक्याचा दोन इंचांचा नमुना कापून वहीत चिकटवायचा, शेजारी ताक्याचा नंबर, बिलाचा नंबर, दर आणि पन्हा लिहायचा. पन्हा टेपने मोजूनच लिहावा, 44 इंच म्हणून घेतलेलं कापड 43 सुद्धा निघतं. दर वाराचा की मीटरचा, हेही भाव ठरतानाच विचारून घ्यावं. वार 36 इंचांचा, मीटर 39.37 चा, नऊ टक्क्यांचा फरक तिथेच पडतो.

खरी आवक आम्ही धुतल्यानंतरच मांडतो. कोरं केंब्रिक किंवा मलमल पहिल्या धुण्यात तीन ते आठ टक्के आटतं, लांबीत जास्त आणि पन्ह्यात कमी. खळही निघून जाते. वीस मीटरचा ताका एकोणीस भरला तर 120 रुपयांचं कापड 126 रुपयांना पडलं, आणि वहीत तोच दर चढतो.

बाग प्रिंटला, म्हणजे ठशांनी छापलेल्या कापडाला, वेगळं पान. धार जिल्ह्यातल्या बाग गावचा तो लाल रंग अलिझरिन हे रंगद्रव्य आणि धावडीची फुलं यांच्या उकळीतून येतो, त्यामुळे एका खेपेचा लाल दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळेलच असं नाही. त्या ताक्यांवर लॉट, म्हणजे रंगाची खेपही लिहितो. एका गोधडीत एकच लॉट. शिवाय ओल्या पांढऱ्या मलमलीवर तुकडा ठेवून इस्त्री दाबायची. डाग उतरला तर ताका पुन्हा धुवायला जातो, वहीत त्यापुढे फुली पडते आणि फुली असेपर्यंत त्याला कात्री लागत नाही.

आता एका गोधडीचा हिशेब. माप 60 × 90 इंच, चौकोन सहा इंचांचे, म्हणजे दहा गुणिले पंधरा, एकूण 150. चारी बाजूंनी शिवणीसाठी पाव इंच माया धरून कापायचे साडेसहा इंच. 44 पन्ह्यातून किनारी काढल्या की वापराला 42 इंच उरतात. त्यात सहा चौकोन बसतात आणि तीन इंचांची पट्टी वाया जाते. पंचवीस पट्ट्या लागतात, म्हणजे 162.5 इंच, 4.13 मीटर. तिरकं फाडलेलं टोक आणि आटणं धरून साडेचार मीटर घ्यावं. अस्तर चारी बाजूंनी दोन इंच मोठं हवं : 94 इंचांच्या दोन लांब्या जोडायच्या, पाच मीटर. गोटाच्या, म्हणजे कडेच्या पट्टीच्या, अडीच इंची आठ पट्ट्या, अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. एका गोधडीला दहा मीटर धरून चालावं.

किंमत इथेच चुकते. 120 रुपये मीटरच्या कापडाचा नुसत्या क्षेत्रफळावरून हिशेब केला तर चौकोन 2.93 रुपयांना पडतो. साडेचार मीटरचे 540 रुपये 150 चौकोनांवर वाटले तर 3.60. म्हणून विक्रीची किंमत ठरवताना दुसराच आकडा धरतो. 36 इंची पन्ह्यात पाचच चौकोन बसतात आणि नुसत्या कापणीलाच 4.95 मीटर लागतं. अरुंद कापड मीटरला स्वस्त दिसलं तरी घेण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

वापराची नोंद कापणीच्या टेबलावरच झाली पाहिजे. प्रत्येक ताक्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली असते : तारीख, कोणत्या गोधडीसाठी, किती इंच कापलं, उरलं किती. कापणाऱ्यानेच लिहायचं आणि लिहून झाल्यावरच ताका गुंडाळायचा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत अर्धा मीटर इकडचा तिकडे होतोच. चिठ्ठ्यांवरचे आकडे आठवड्यातून एकदा एक्सेलमध्ये जातात. सॉफ्टवेअर कोणतंही चालेल; चिठ्ठी नसेल तर त्यात भरायला काही नसतं.

महिनाअखेरीला ताके उलगडत बसत नाही, वजन करतो. चौरस मीटरला 100 ग्रॅमचं, 44 पन्ह्याचं कापड मीटरला 112 ग्रॅम भरतं. 560 ग्रॅम भरलं तर पाच मीटर. मात्र सुती कापड हवेतली ओल धरतं आणि पावसाळ्यात जड भरतं, म्हणून प्रत्येक प्रकाराचा एक मीटरचा तुकडा फडताळातच राखून ठेवलेला आहे. त्या दिवशी आधी तो तोलायचा आणि त्याच्या वजनाने भागायचं.

तुकड्यांच्या तीन पेट्या आहेत. दहा इंचांवरचे ताक्याच्या नंबरासह वहीत राहतात. अडीच ते दहा इंचांचे रंगावार, फक्त वजनाने. त्याखालच्या चिंध्या लोड-उश्यांच्या भरणात जातात आणि त्यांची किंमत आम्ही शून्य धरतो. त्यांना काही मोल लावलं की शिल्लक फुगते आणि गोधडी कागदावर स्वस्त पडते.

ग्राहकांच्या साड्या अजूनही येतात. त्या आमच्या आवकेत कधीच धरत नाही. नऊवारी सव्वाआठ मीटर, पण मधोमध विरलेला भाग धरायचा नाही. उजेडासमोर धरून खडूने खूण करतो आणि चांगला भाग ग्राहकासमोरच मोजतो. माहेश्वरी साडीत ताणा (उभा धागा) बहुधा रेशमी आणि बाणा (आडवा धागा) सुती, दोन्ही एकसारखे आटत नाहीत, म्हणून ती मलमलीशी जोडायची असेल तर आधी ओली करून वाळवलेली लागते. पावतीवर आलेलं वजन, गोधडीत गेलेलं वजन आणि परत केलेले तुकडे असे तीन आकडे लिहून, काठाच्या तुकड्यांसह पिशवी ग्राहकाच्या हाती देतो.