तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यातल्या किबे लक्ष्मी थिएटरला अजून 'प्रभात' का म्हणता?

"पूर्वी आम्हाला 'किबे लक्ष्मी म्हणा' म्हणून टोकायचात, आणि आता स्वतःच प्रभात, प्रभात! ठरवा की एकदा." हे इतक्या जणांनी ऐकवलंय की लिहूनच टाकतो.

टोकायचो, खरंय. आणि माझं चुकत नव्हतं. अप्पा बळवंत चौकातलं (म्हणजे एबीसीतलं) ते थिएटर 1934 चं, इंदूरच्या सरदार किब्यांचं. 'प्रभात' हे नाव भाडेकरूंचं, प्रभात फिल्म कंपनीचं. कोल्हापुरात 1929 ला निघालेली कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली आणि पुढच्या वर्षी या पडद्यावर तिचा 'अमृतमंथन' लागला. पुढे कंपनी बुडाली, तिच्या स्टुडिओत 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, थिएटरवरची पाटी मात्र तशीच राहिली. 2014 संपता संपता करार संपला, जागा मालकांकडे गेली, त्यांनी आपलं नाव लावलं. यात गळे काढण्यासारखं काय? घर ज्याचं, पाटी त्याची. पुणेकरांना पाटीचं महत्त्व मी सांगायचं! (हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितलंय. माणसं जिलबी सोडून उठली नाहीत एवढंच.)

मग ती दुपार. आईला डॉक्टरांकडून घरी नेत होतो. तिचं विसरणं नुकतंच सुरू झालं होतं. चौकात नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं, पुस्तकांच्या दुकानांपुढे रिक्षा अडकलेली. आई एकदम सावरून बसली. "अरे, प्रभात! इथे मी आणि माझी आई..."

"प्रभात नाही गं. किबे लक्ष्मी."

"हो का? पण प्रभातमध्ये आम्ही..."

"किबे लक्ष्मी, आई. वाच ना पाटी."

तिने वाचली. एकेक अक्षर लावून, शाळेतल्या मुलीसारखी. मग म्हणाली, "लग्नात माझं नाव बदललं, तरी आई मला जुन्याच नावाने हाक मारायची. तुझी आजी तिला अश्शीच दुरुस्त करायची. चारचौघांत."

रिक्षा हलली. घरापर्यंत ती बोलली नाही. मीही नाही. चिडलोच होतो खरं तर, थिएटरचा आणि आजीचा काय संबंध म्हणून. रात्री दूध देताना विचारलं, "प्रभातमध्ये तू आणि तुझी आई काय?"

"कुठे?" ती म्हणाली.

त्यानंतर मी तीन-चारदा विचारलं. फोटो दाखवला. एकदा मुद्दाम रिक्षा त्या चौकातून घेतली. ती पुस्तकं बघत राहिली.

म्हणून प्रभात म्हणतो. मालकी हक्काबद्दलचं माझं मत तेच आहे, आणि पत्ता लिहायची वेळ आली तर 'किबे लक्ष्मी'च लिहितो. यात विसंगती आहे, कळतं मला.

परवा एका पोरसवदा रिक्षावाल्याला 'प्रभात' म्हणालो, तर तो डेक्कनकडे वळायला लागला.

"प्रभात रोड नाही रे, प्रभात टॉकीज. एबीसीतलं."

"काका, ते किबे लक्ष्मी," तो म्हणाला. "प्रभात नाय आता."

मी म्हटलं, "चल."