कॅसिनो असलेल्या जुन्या हॉटेलातील मुक्काम

गोव्यात जमिनीवरील कॅसिनोला परवानगी मिळते ती पंचतारांकित हॉटेलातच. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि अशा हॉटेलांत स्लॉट मशीन, म्हणजे पैसे लावून खेळायची यंत्रे, ठेवण्याची मुभा मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीनंतर जहाजांवर प्रत्यक्ष डीलर, म्हणजे खेळ चालवणारा माणूस, असलेली टेबले मांडण्याची वाट मोकळी झाली. पंचतारांकित हॉटेलाची ही अट असल्यामुळे कॅसिनो असलेले हॉटेल मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खिशाला परवडेल, अशी कल्पना सहसा कोणी करत नाही. पण ज्या हॉटेलांची उमेदीची वर्षे केव्हाच सरली आहेत, त्यांचे दर पावसाळ्यात इतके उतरतात की आमच्यासारखी माणसेही तेथे चौकशी करू लागतात.

आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने उतरून कवळ्याच्या शांतादुर्गेच्या दर्शनाला निघालो होतो. सासूबाईंना एका दिवसात जाऊन-येऊन प्रवास झेपत नाही, म्हणून पणजीच्या परिसरातील अशाच एका हॉटेलात रात्रीचा मुक्काम ठरवला. खाली कॅसिनो आहे हे आरक्षण करतानाच ठाऊक होते. यजमानांचे म्हणणे असे की आपल्याला त्या दाराकडे जायचेच नाही, मग अडचण कसली?

खोली पाहून सासूबाई सुखावल्या. नव्या हॉटेलांतील खोल्यांत दोन बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही. येथे दोन मोठे पलंग, मधे मुलांना खेळता येईल एवढी मोकळी फरशी, सागवानी कपाट आणि पावसात बसता येईल अशी खोल गॅलरी होती. न्हाणीघरातील टबचा मुलामा कडेने उडाला होता, एसी सुरू होताना घरघरत असे आणि गालिच्याला पावसाळ्याचा कुबट वास होता. परंतु चादरी कडक इस्त्रीच्या होत्या, गिझरचे पाणी भरपूर कढत होते आणि नळाची पितळी तोटी कोणीतरी नेमाने घासत असल्याचे दिसत होते. त्या मजल्यावर काम करणारे पेडण्याकडचे वयस्क गृहस्थ सासूबाईंना आजी म्हणत आणि न सांगता त्यांच्यासाठी जादा उशी घेऊन आले. गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास सरकारने २०२० पासून मनाई केली आहे, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितले. ‘वहिनी, ते बरेच झाले, नाहीतर पगार वरच्या मजल्यावर मिळवायचा आणि खाली घालवायचा, असे कितीतरी जणांचे झाले असते,’ असे ते अगदी मनापासून म्हणाले.

संध्याकाळी आम्ही मांडवीकाठी फिरून आलो. नदीतील जहाजांची रोषणाई मुलांना फार आवडली आणि आत काय असते या प्रश्नाचे उत्तर यजमानांनी सरळ दिले: तेथे लोक पैसे लावून खेळतात, बहुतेक जण हरतात आणि एकवीस वर्षांखालील कोणालाही आत सोडत नाहीत.

हा एकवीस वर्षांचा नियम योग्यच आहे. तो किती अपुरा आहे, हे मात्र मला त्या रात्री कळले. सासूबाईंच्या औषधासाठी कोमट पाणी आणायला मी अकराच्या सुमारास खाली गेले, तेव्हा लॉबीतील सोफ्यावर सहा-सात वर्षांचा एक मुलगा बुटांसकट झोपला होता. त्याचे डोके आईच्या मांडीवर होते आणि समोरचे कॅसिनोचे दार उघडले की यंत्रांचा किणकिणाट व सिगारेटचा वास बाहेर येत होता. प्रत्येक वेळी तो मुलगा दचके आणि आई त्याच्या कानावर हात ठेवी. त्यांच्या खोलीचे कार्ड नवऱ्याच्या खिशात होते, नवरा आत होता आणि फोन उचलत नव्हता. खोली त्याच्या एकट्याच्या नावावर असल्याने त्याच्या होकाराशिवाय दुसरे कार्ड देता येणार नाही, असे रिसेप्शनवर सांगण्यात आले होते. नियम सुरक्षिततेसाठी असेलही, पण त्या बाईकडे स्वतःचे ओळखपत्र होते, आणि आत निरोप पाठवायला सुरक्षारक्षक चार पावलांवर उभा होता. मी व ते पेडण्याचे गृहस्थ दोघांनीही आग्रह धरल्यावर तो निरोप गेला. कार्ड हाती येईपर्यंत त्यांनी मुलासाठी गरम दूध आणि अंगावर घालायला चादर आणली होती.

मुलाला दारात अडवण्याची व्यवस्था येथे चोख आहे. अडवलेल्या मुलाने कोठे थांबावे, याचा विचार मात्र कोणीही केलेला नाही. रेस्टॉरंट दहाला बंद झाले होते आणि खोल्यांकडे जाणारी एकुलती लिफ्टही कॅसिनोच्या दारासमोरच उघडते. कुटुंबांना खोल्या भाड्याने देणाऱ्या हॉटेलाने कॅसिनोला वेगळे प्रवेशद्वार ठेवावे आणि खोलीतील प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या नावाची नोंद करून तिला कार्ड द्यावे, ही मागणी मला मुळीच अवाजवी वाटत नाही. चेक-आउटच्या वेळी मी ती लेखी दिली. व्यवस्थापकांनी कागद वाचला आणि कार्डाची सोय त्याच आठवड्यात करतो, असे सांगितले. दाराविषयी ते काही बोलले नाहीत.

अशा ठिकाणी उतरणार असाल तर चेक-इनच्या वेळीच दोघांचीही नावे लिहवून दोन कार्डे मागून घ्या आणि खोली लिफ्टपासून लांबची, वरच्या मजल्यावरची मागा. आमची तशी होती, त्यामुळे खालचा आवाज पोहोचला नाही आणि सासूबाईंना शांत झोप लागली. पुढच्या पावसाळ्यात त्यांना घेऊन मी त्याच खोलीत आनंदाने राहीन. मुले बरोबर असतील, तर मात्र आधी फोन करून त्या दाराचे काय झाले ते विचारीन.