यिर्मया 29 जरा वरपासून वाचा

आज संध्याकाळच्या सभेत बाहेरून आलेल्या वक्त्यांनी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 (तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते वचन) घेतलं आणि डायरेक्ट सांगून टाकलं की सहा महिन्यांत घर, नोकरी, व्हिसा सगळं मोकळं होणार, फक्त विश्वासाने बी पेरा, म्हणजे दानाचं पाकीट टाका. लोकांचं जोरात आमेन. शेजारच्या मावशींनी मात्र चष्मा लावला, मांडीवरचं जुनं बायबल उघडलं न वरच्या वचनावर बोट ठेवून मला दाखवलं, सत्तर वर्षांनंतर परत आणीन म्हणतो देव!! अहो ते पत्र बाबेलात (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या यहुदी लोकांना आहे, घरं बांधा, बागा लावा, इथे बराच काळ राहायचंय असं. आणि वचन 8-9 मध्ये तर देवच म्हणतो की तुमच्यातल्या संदेष्ट्यांकडून फसू नका. कमाल आहे ना, त्याच अध्यायात!

बिरुया गावच्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहिलं (प्रेषितांची कृत्ये 17:11), न त्यांचं कौतुकच झालं, आमच्यात कोणी विचारलं की लगेच ‘अभिषिक्ताला (देवाने निवडलेल्याला) हात लावू नका’. ते स्तोत्र 105 मधलं आहे हो, अब्राहाम-इसहाक-याकोबाला राजांनी त्रास देऊ नये म्हणून, वक्त्याला प्रश्न विचारण्याशी त्याचा काय संबंध?

बुधवारी मावशींकडे बसतोय, यिर्मया 28 पासून. दोन वर्षांत सगळं परत येईल म्हणणारा खोटा संदेष्टा हनन्या तिथेच भेटतो. या कोणाला यायचं तर, बायबल स्वतःचं आणा.