आमची वाटचाल: आधी टेबल बघतो, मग नेटवर्क

नागपुरात धरमपेठेतल्या एका गाळ्यात आम्ही कॉम्प्युटर असेंबल करून विकायचो. पार्ट सीताबर्डीतून आणायचे, जोडायचे, विकायचे. मार्जिन घटत गेलं, लॅपटॉप आले. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

ऑफिस-दुकानांतल्या नेटवर्क जोडणीकडे धंद्याला वळण मिळालं २०१७ मध्ये, जीएसटी आल्यावर. इतवारी-गांधीबागेतल्या दुकानांत एकाच टॅलीवर तीन-चार जण बसू लागले आणि आम्हाला फोन सुरू झाले, "भाऊ, नेट लयच स्लो चालून राह्यलं!" जाऊन पाहावं तर इंटरनेटचा काही संबंधच नसायचा. डेटा शेजारच्या खोलीतल्या मशीनवर आणि एन्ट्री करणारा वायफायवर. हिशेबाचं सॉफ्टवेअर एका वेळी फार डेटा ओढत नाही, पण बारीकसारीक विचारणा सारखी करत राहतं. तिथे उत्तर किती लवकर येतं त्यावर सगळं अवलंबून. केबलवर ते साधारण एका मिलिसेकंदाच्या आत येतं. दाट बाजारात, जिथे प्रत्येक दुकानाचा राउटर त्याच वायफाय चॅनेलवर (फ्रिक्वेन्सीवर) बसलाय, तिथे वायफायचा भरवसा नाही. जे टेबल जागचं हलत नाही, त्याला केबलच द्यायची, हे आमचं तेव्हापासूनचं मत.

रामदासपेठेतल्या आर्किटेक्टकडे वेगळंच दुखणं. चारशे एमबीची फाइल ऑफिसातल्याच सर्व्हरवरून उघडायची. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ एमबी येतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून जास्त. गिगाबिटवर, म्हणजे १००० एमबीपीएसवर, तीच फाइल चारेक सेकंदांत. साहेबांनी मात्र इंटरनेटचा प्लॅन दुप्पट करून ठेवला होता! सगळे कॉम्प्युटर ज्या डब्याला जोडतात तो नेटवर्क स्विच गिगाबिटचाच होता. पण गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप खालच्या वेगावर उतरते आणि स्क्रीनवर 'कनेक्टेड'च दिसतं. म्हणून प्रत्येक पॉइंट टेस्टरवर तपासल्याशिवाय आम्ही बिल देत नाही.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल दुकानात ठेवत नाही. स्वस्त पडते म्हणून गिऱ्हाईक मागतं, कधी ऑर्डरही जाते. पण तिचा रोध मुळातच जास्त, त्यात आपला मे महिना. बाहेर ४५ अंश, तर फॉल्स सीलिंगच्या वर किती असेल? तार तापली की सिग्नल आणखी क्षीण होतो. केबलच्या लांबीची १०० मीटरची मर्यादा २० अंशांना धरलेली आहे, त्यामुळे नागपुरात आम्ही बरंच अलीकडे थांबतो.

२०२० च्या लॉकडाऊननंतर अपलोडची विचारणा वाढली, कारण व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी वेग लागतो. आता वर्कस्टेशनला २.५ गिगाबिट हवं म्हणणारे येतात. भिंतीतली कॅट-५ई (नेहमीची नेटवर्क केबल) नीट असेल तर तीच चालते, नुसता स्विच आणि कार्ड बदलायचं. केबल टाकायचं मोठं काम हातचं जातं, पण तेच गिऱ्हाईक वर्षाच्या देखभालीचा करार आमच्याशी करतं.